ठसा कोणाचा? : जपानी व चिनी मुद्राचित्रकारांच्या चरित्रांविषयी काही विचार

प्रस्तावना

कलावंताचे चरित्र आणि त्याची कलाकृती यांचा संबंध कसा लावावा, हा समीक्षेतील एक जुना प्रश्न आहे. मराठीत चरित्रात्मक समीक्षेची चर्चा प्रामुख्याने कवी आणि कादंबरीकार यांच्या अनुषंगाने झाली. या प्रकारांत निर्माता एकटा असतो व कृतीवर त्याचीच मुद्रा असते, हे आपण गृहीत धरून चालतो. चित्रकलेविषयी लिहितानाही आपण बहुधा तेच गृहीतक सोबत नेतो. मुद्राचित्राच्या बाबतीत मात्र ते पहिल्याच पावलाला अडखळते. लाकडाच्या फळीवर आकृती कोरायची, तिला शाई वा रंग लावायचा आणि कागद दाबून ती उमटवायची, एवढीच या कलेची मूळ कृती आहे. पण त्यात रेखाटणारा हात, कोरणारा हात आणि छापणारा हात हे तीन वेगवेगळे असू शकतात. अशा वेळी 'मुद्राचित्रकाराचे चरित्र' म्हणजे नेमके कोणाचे चरित्र?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या आधारे जपान आणि चीन येथील काही मुद्राचित्रकारांच्या जीवनाचा व कार्याचा विचार करावयाचा आहे. दोन्ही देशांतील लाकडी ठशांच्या कलेचा संपूर्ण इतिहास मांडण्याचा येथे हेतू नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'ठसा स्वतः कोरणे' ही कल्पना या दोन्ही देशांत महत्त्वाची ठरली. जपानमध्ये तिचा अर्थ व्यक्तीचे स्वातंत्र्य असा झाला, तर चीनमध्ये समूहाशी बांधिलकी असा झाला. एकाच कृतीला असे दोन अर्थ का प्राप्त झाले आणि त्या अर्थांची किंमत या कलावंतांनी आपल्या आयुष्यात कशी मोजली, हे पाहणे हा या लेखाचा मुख्य विषय होय. जपानी व चिनी नावे त्या त्या प्रथेप्रमाणे आडनाव आधी या क्रमाने दिली आहेत.

चार वाटेकरी आणि एक नाव

जपानच्या एदो काळात (१६०३-१८६८) बहरलेली 'उकियो-ए' मुद्राचित्रे आज जगभर ओळखली जातात ती चित्रकारांच्या नावाने. प्रत्यक्षात या चित्रांच्या निर्मितीत चार वाटेकरी होते : चित्रकार, ठसा कोरणारा, छपाई करणारा आणि प्रकाशक. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाटन करून देई. तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर पालथा चिकटवला जाई आणि कोरणारा त्या कागदासकट रेषेच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढून टाकी. या प्रक्रियेत मूळ रेखाटन नष्ट होत असे. चित्रकाराच्या हाताने काढलेले 'मूळ चित्र' शिल्लकच राहत नसे. जे उरे ते कोरणाऱ्याने लाकडात पुन्हा घडवलेले चित्र होते. पुढे प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा कोरला जाई. छपाई करणारा बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चपट्या घासणीने कागदाची पाठ घासून एकेक रंग उतरवी. केसांच्या कडेची बारीक रेष कोरणे हे कसबी कारागिराचे काम, तर मोकळ्या जागा साफ करणे हे शिकाऊ मुलांचे काम, अशी कोरणाऱ्यांमध्येही उतरंड होती.

या व्यवस्थेचे सूत्रधार होते प्रकाशक. विषय कोणता घ्यावा, भांडवल किती घालावे, कोणत्या चित्रकाराला काम द्यावे, हे तेच ठरवीत आणि कोरलेले ठसे त्यांच्याच मालकीचे राहत. त्सुताया जूझाबुरो (१७५०-१७९७) या प्रकाशकाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. उतामारोची स्त्रीचित्रे त्याने पुढे आणली. १७९१ मध्ये आक्षेपार्ह ठरलेल्या पुस्तकांबद्दल त्याला जबर दंड झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १७९४ मध्ये, त्याने शाराकू नावाच्या चित्रकाराची नटांची व्यक्तिचित्रे बाजारात आणली. सुमारे दहा महिन्यांत शाराकूची १४० हून अधिक चित्रे प्रसिद्ध झाली आणि १७९५ च्या आरंभी हे नाव कायमचे थांबले. शाराकू कोण होता, यावर अभ्यासकांनी विपुल लिहिले आहे. परंतु हा शोध घेताना एक गोष्ट दुर्लक्षित राहते. शाराकूची सर्व मुद्राचित्रे त्सुतायाने प्रकाशित केली. शाराकूची कारकीर्द ही एका अर्थाने त्सुतायाच्या कारकिर्दीतील एक प्रकरण आहे. एकट्या कलावंताचे चरित्र शोधू गेल्यास जे कोडे वाटते, ते प्रकाशकाच्या चरित्रात ठेवून पाहिल्यास निदान एका साहसी व्यावसायिक निर्णयाच्या रूपात समजू लागते.

होकुसाईचे (१७६०-१८४९) चरित्र तर दंतकथेच्या जवळ पोहोचलेले आहे. त्याने सुमारे तीस नावे घेतली आणि नव्वदहून अधिक वेळा घर बदलले, असे सांगितले जाते. फुजी पर्वताच्या चित्रमालिकेचे काम त्याने सत्तरीच्या उंबरठ्यावर हाती घेतले. छत्तीस चित्रांची म्हणून जाहीर झालेली ही मालिका पुढे ४६ चित्रांची झाली. या प्रसिद्ध तपशिलांच्या तुलनेत त्याच्या आयुष्यातील एका गोष्टीकडे कमी लक्ष जाते. चित्रकार होण्यापूर्वी, किशोरवयात, तो ठसे कोरण्याचे काम शिकला होता. म्हातारपणी प्रकाशकांना लिहिलेल्या पत्रांत तो एगावा तोमेकिची या कोरणाऱ्याचा आग्रह धरतो आणि आपण काढलेले डोळे व नाक कोरणाऱ्यांनी आपल्या सवयीने बदलू नयेत, अशी ताकीद देतो. आपली शैली दुसऱ्याच्या सुरीच्या टोकावर अवलंबून आहे, याची इतकी स्पष्ट जाणीव कोरण्याचे काम केलेल्या माणसालाच असू शकते.

हिरोशिगेच्या (१७९७-१८५८) १८५७ मधील पुलावरच्या पावसाच्या चित्राचेही असेच आहे. फिनसेंट व्हान गॉगने १८८७ मध्ये तैलरंगात त्याची नक्कल केली. या चित्राचे सारे सामर्थ्य पावसाच्या तिरक्या, अतिशय बारीक आणि एकमेकींना छेदणाऱ्या रेषांत आहे. त्या रेषा कल्पिल्या हिरोशिगेने. पण लाकडात त्या न तुटता उभ्या ठेवल्या त्या कोरणाऱ्याने. आकाशातील काळोख पुसट होत जाण्याचे श्रेय छापणाऱ्याचे आहे, कारण फळीवर रंग पसरून तो ओल्या कापडाने वा कुंचल्याने विरळ करण्याचे काम त्याचे होते. आपण मात्र या तिन्ही कृतींना 'हिरोशिगेची संवेदनशीलता' असे एकच नाव देतो.

याबाबत चीनच्या परंपरेत काही वेगळे प्रवाह दिसतात. दुनहुआंग येथे सापडलेल्या, इसवी सन ८६८ मध्ये छापलेल्या वज्रसूत्राच्या गुंडाळीला बुद्धाच्या उपदेशसभेचे सुंदर मुखचित्र आहे. तिच्या शेवटी दान देणाऱ्याचे नाव आहे; कोरणाऱ्याचे नाही. परंतु सोळाव्या व सतराव्या शतकांत ह्वेचौ प्रांतातील ह्वांग घराण्यातील कोरणाऱ्यांची नावे पुस्तकांच्या पानांवर आढळू लागतात. छेन हुंगशौ (१५९८-१६५२) या श्रेष्ठ चित्रकाराच्या अखेरच्या काळातील पत्त्यांच्या चित्रमालिकेबरोबर ह्वांग जियेनचुंग या कोरणाऱ्याचे नावही टिकून राहिले आहे. म्हणजे कोरणाऱ्याचे अनाम राहणे हा या कलेचा स्वभावधर्म नव्हता. ते नाव नोंदवायचे की नाही, हा त्या त्या समाजाचा निर्णय होता.

'स्वतः' या शब्दाचा जपानी अर्थ

मेजी काळात (१८६८-१९१२) छायाचित्रण, शिळाछाप आणि खिळ्यांची छपाई आल्यावर जपानमधील जुनी चौघांची व्यवस्था मोडकळीस आली. याच वळणावर यामामोतो कानाए (१८८२-१९४६) याने १९०४ मध्ये एका कोळ्याचे लहानसे मुद्राचित्र 'म्योजो' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ते त्याने स्वतः रेखाटले होते आणि स्वतःच कोरले होते. पुढे 'स्वतः रेखाटणे, स्वतः कोरणे, स्वतः छापणे' हे ब्रीद घेऊन 'सोसाकू हांगा' म्हणजे सर्जनशील मुद्राचित्रांची चळवळ उभी राहिली. १९१८ मध्ये तिची संस्था स्थापन झाली व १९१९ मध्ये पहिले प्रदर्शन भरले.

या चळवळीचा इतिहास सामान्यतः कारागिरीकडून कलेकडे झालेला प्रवास म्हणून सांगितला जातो. यामामोतोचे चरित्र या मांडणीला सरळ दुजोरा देत नाही. तो बालवयातच लाकडावर कोरीव काम करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करत होता. कलाशाळेत तो नंतर गेला. ज्या हाताने कलावंताच्या स्वातंत्र्याची घोषणा केली, तो हात कारागिराच्या कामाच्या जागी तयार झालेला होता. शिवाय आयुष्याच्या उत्तरार्धात त्याने आपली बरीच शक्ती मुलांच्या मुक्त चित्रकलेच्या आणि शेतकऱ्यांच्या हस्तकलेच्या चळवळींना दिली. यामामोतोच्या दृष्टीने 'स्वतः' या शब्दात सर्वांनाच वाव होता, असे म्हणता येईल.

ओन्चि कोशिरो (१८९१-१९५५) याने या शब्दाला अधिक अंतर्मुख अर्थ दिला. १९१४-१५ मध्ये तानाका क्योकिची व फुजिमोरी शिझुओ या मित्रांसह त्याने 'त्सुकुहाए' हे नियतकालिक काढले. जपानमधील अगदी आरंभीची अमूर्त मुद्राचित्रे त्यात आली. ओन्चिचा चरितार्थ मुख्यतः पुस्तकांच्या सजावटीवर चाले. मुद्राचित्राच्या तो थोड्याच प्रती काढी. एकाच ठशातून शेकडो प्रती निघू शकतात हा या माध्यमाचा मूळ लाभ. पण ओन्चिने तो जवळजवळ नाकारला. याच ओन्चिने १९४३ मध्ये युद्धकार्यासाठी स्थापन झालेल्या मुद्राचित्रकारांच्या संघटनेचे प्रमुखपद स्वीकारले, ही गोष्टही त्याच्या चरित्राचा भाग आहे. सुरी स्वतःच्या हातात असली म्हणजे कलावंत स्वतंत्र राहतोच असे नाही. एदो काळातील प्रकाशकाच्या जागी येथे राज्यसंस्था उभी होती.

याच काळात दुसऱ्या बाजूला वातानाबे शोझाबुरो (१८८५-१९६२) या प्रकाशकाने जुनी चौघांची व्यवस्थाच नव्या रूपात जिवंत केली. १९१८ पासून त्याच्याबरोबर काम करणाऱ्या कावासे हासुईची (१८८३-१९५७) निसर्गचित्रे या 'शिन हांगा' म्हणजे नव्या मुद्राचित्रांतील उत्तम कामांपैकी होत. १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपात व त्यानंतरच्या आगीत वातानाबेचे ठसे जळाले, हासुईच्या रेखाटनवह्याही गेल्या. १९५३ मध्ये हासुईचे झोजोजी मंदिरातील बर्फाचे चित्र पारंपरिक कौशल्याची नोंद म्हणून सरकारी योजनेतून तयार करण्यात आले, तेव्हा त्याच्या निर्मितीचा प्रत्येक टप्पा जतन केला गेला. एका चित्रासाठी चाळीसहून अधिक वेळा छपाई करावी लागली होती. रस्त्यावर स्वस्तात विकल्या जाणाऱ्या चित्रांमागचे श्रम राष्ट्रीय ठेवा म्हणून मान्य होण्यास इतका काळ जावा लागला.

या दोन गटांच्या मधोमध उभा आहे तो योशिदा हिरोशी (१८७६-१९५०). आरंभी त्याने वातानाबेसाठी काम केले. भूकंपानंतर मात्र त्याने १९२५ पासून स्वतःची कार्यशाळा चालवली. कोरणारे व छापणारे कारागीर त्याच्या पदरी होते. पण तो स्वतः दोन्ही कामे शिकला होता आणि त्यांवर बारीक देखरेख ठेवी. जहाजांच्या चित्रात त्याने एकाच ठशांच्या संचातून, रंग बदलत, पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या वेळा उमटवल्या. १९३० च्या अखेरीस तो मुलगा तोशी याच्यासह भारतात आला. या प्रवासातून पुढे जी मुद्राचित्रे तयार झाली, त्यांत ताजमहाल, उदयपूर आणि कांचनगंगा यांच्याबरोबर आपल्या अजिंठा व वेरूळ येथील लेणीही आहेत. ज्या लेण्यांच्या शिल्पकारांची व चित्रकारांची नावे बव्हंशी कालौघात हरवली, त्या लेण्यांची ही चित्रे. योशिदाच्या चित्रांच्या समासात 'जिझुरी' म्हणजे 'स्वतः छापलेले' अशी मोहोर असते. व्यवहारात तिचा अर्थ 'माझ्या देखरेखीखाली छापलेले' असा होता. 'स्वतः' या शब्दात इतरांचे हात किती सहज सामावून जातात, याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण आहे. यात योशिदाची फसवणूक शोधण्याचे कारण नाही. कार्यशाळेतील सर्व काम स्वतःच्या नावाचे मानण्याची रीत त्या काळात सर्वत्र रूढ होती. प्रश्न आपल्या वाचनाचा आहे.

मुनाकाता शिको (१९०३-१९७५) हा आओमोरी येथील लोहाराचा मुलगा. त्याची दृष्टी लहानपणापासून अधू होती आणि लाकडावर अक्षरशः नाक टेकवून तो कोरीत असे. व्हान गॉगची सूर्यफुले एका नियतकालिकात पाहून आपण जपानचा व्हान गॉग व्हायचे, असे त्याने ठरवले होते. १९३९ मधील बुद्धाच्या दहा महान शिष्यांची मालिका ही त्याची सर्वांत प्रसिद्ध कृती. सारिपुत्र, मौद्गल्यायन, आनंद, उपाली, राहुल ही नावे मराठी वाचकाला परकी नाहीत. शिष्यांच्या जोडीला असलेल्या दोन बोधिसत्त्वांचे ठसे १९४५ मधील बाँबहल्ल्यात जळाले, तेव्हा १९४८ मध्ये त्याने ते पुन्हा कोरले. १९५५ मध्ये साओ पाउलो आणि १९५६ मध्ये व्हेनिस येथील द्वैवार्षिक प्रदर्शनांत त्याला मुद्राचित्रणाचे सर्वोच्च पुरस्कार मिळाले. मुनाकाताने १९४२ पासून 'हांगा' हा शब्द 'ठसा' ऐवजी 'फळी' या अर्थाचे चिन्ह वापरून लिहायला सुरुवात केली. चित्र फळीतच असते आणि कलावंत ते बाहेर येऊ देतो, अशी त्याची धारणा होती. व्यक्तिस्वातंत्र्याच्या ब्रीदातून निघालेल्या चळवळीतील जगप्रसिद्ध कलावंतच अशा रीतीने 'मी' ला दुय्यम स्थान देतो, हे लक्षणीय आहे.

सहा दिवसांचा वर्ग

चीनमधील आधुनिक काष्ठमुद्राचित्रांची चळवळ जपानच्या याच वातावरणाशी एका धाग्याने जोडलेली आहे. १९३१ साली १७ ते २२ ऑगस्ट असे सहा दिवस शांघायमध्ये एक लहानसा वर्ग भरला. शिकवणारे होते उचियामा काकिची. ते व्यवसायाने मुद्राचित्रकार नव्हते. तोक्योतील एका शाळेत मुलांना कला शिकवणारे शिक्षक होते आणि सुट्टीत आपले बंधू, शांघायमधील पुस्तकविक्रेते उचियामा कानझो, यांच्याकडे आले होते. विद्यार्थी तेरा होते. दुभाष्याचे काम करत होते खुद्द लू शुन (१८८१-१९३६), आधुनिक चिनी साहित्याचे अध्वर्यू. आपल्या संग्रहातील मुद्राचित्रे ते विद्यार्थ्यांना पाहण्यासाठी घेऊन येत. एका शालेय शिक्षकाच्या सहा दिवसांच्या वर्गातून एका देशाच्या कलेला वळण मिळावे, ही घटना अध्यापन करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

त्याच वर्षी ७ फेब्रुवारीला लू शुन यांचे तरुण सहकारी, लेखक रौ शी, यांना गोळ्या घालण्यात आल्या होत्या. परदेशी काष्ठमुद्राचित्रे छापून वाचकांपर्यंत पोहोचवण्याच्या कामात रौ शी त्यांचे सोबती होते. त्यांच्या स्मरणार्थ लू शुन यांनी सप्टेंबर १९३१ मध्ये केथे कोलवित्झ या जर्मन कलावतीचे, आपले बाळ पुढे करणाऱ्या आईचे मुद्राचित्र एका नियतकालिकात प्रसिद्ध केले. चीनमध्ये स्वतः ठसा कोरण्याच्या कल्पनेला या मृत्यूची पार्श्वभूमी आहे. साधने स्वस्त, आकार लहान आणि प्रती अनेक, ही या माध्यमाची वैशिष्ट्ये ओन्चिच्या दृष्टीने गौण होती. लू शुन यांच्या दृष्टीने तीच निर्णायक ठरली.

मात्र लू शुन यांना केवळ प्रचाराचे साधन हवे होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. याच काळात त्यांनी झेंग झेनदुओ यांच्यासह बेइफिंगमधील चित्रांकित पत्रकागदांचा संग्रह सिद्ध केला. त्यासाठी चित्रकारांबरोबरच ठसे कोरणाऱ्यांचीही नावे शोधण्यात आली. झेंग दुकानादुकानांतून हिंडून ही विचारपूस करत होते. नव्या चळवळीचा पुरस्कर्ता जुन्या कारागिरांची नावे जपतो, यात विसंगती नाही. कोरणाऱ्याला श्रेय देण्याची जी भूमिका जुन्या परंपरेबाबत घेतली, तीच नव्या तरुणांच्या हाती सुरी देताना कायम राहिली.

या तरुणांची चरित्रे तुरुंगाच्या उल्लेखावाचून पुरी होत नाहीत. वर्गातील विद्यार्थी जियांग फंग यांना १९३२ मध्ये अटक झाली. १९३३ मध्ये हांगचौ येथील एका काष्ठमुद्राचित्र मंडळाचे सदस्य पकडले गेले. त्यांपैकी त्साव बाय याच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे आला तो त्याने कोरलेले लुनाचार्स्की या रशियन विचारवंताचे व्यक्तिचित्र. १९३५ मध्ये त्याने कोरलेले लू शुन यांचे व्यक्तिचित्र प्रदर्शनात मांडण्यास मनाई झाली. उतामारोला १८०४ मध्ये हिदेयोशीविषयक चित्रांबद्दल हातकड्यांची शिक्षा झाली होती, त्याची येथे आठवण होते. सत्तेला मुद्राचित्राचे भय वाटते ते त्याच्या प्रतींमुळे. अशा वेळी 'हे मी स्वतः कोरले' हे विधान सौंदर्यशास्त्रातून उठून न्यायालयातील कबुलीजबाबाच्या जागी जाऊन बसते.

ली हुआ (१९०७-१९९४) यांचे १९३५ मधील 'गर्जना कर, चीन!' हे चित्र या संदर्भात पाहण्याजोगे आहे. डोळे बांधलेला, दोरांनी जखडलेला एक विवस्त्र पुरुष आणि त्याच्या हाताच्या टप्प्याजवळ एक सुरी, एवढेच त्यात आहे. देहाचे स्नायू आणि दोराचे पीळ एकाच जाडीच्या, एकाच जोराच्या रेषांनी कोरलेले असल्याने बंधन आणि बळ यांत दृश्य पातळीवर भेदच उरत नाही. ती सुरी शस्त्र आहे. पण ठसा कोरणाऱ्याचे अवजारही सुरीच असते, हे पाहणाऱ्याच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. विशेष म्हणजे ली हुआ यांनी १९३० मध्ये जपानमध्ये काही काळ शिक्षण घेतले होते आणि ग्वांगचौ येथील त्यांच्या मंडळाचा जपानी मुद्राचित्र-नियतकालिकांशी देवाणघेवाणीचा संबंध होता. १९३७ च्या युद्धाने हा संवाद तोडला.

८ ऑक्टोबर १९३६ रोजी आजारी लू शुन शांघायमधील काष्ठमुद्राचित्रांच्या प्रदर्शनाला गेले आणि तरुण कलावंतांशी बोलत बसले. सा फेइ यांनी त्या वेळी घेतलेली छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. त्यानंतर अकराच दिवसांनी लू शुन यांचे निधन झाले.

गावाने सुधारलेली रेषा

गू युआन (१९१९-१९९६) हे चळवळीच्या पुढच्या टप्प्याचे प्रतिनिधी. येनान येथील कलाअकादमीतून ते १९४० मध्ये न्येनच्वांग या खेड्यात राहायला गेले. तेथे गावकारभारात कारकुनी करत असतानाच चित्रांच्या साहाय्याने ते गावकऱ्यांना अक्षरे शिकवीत. आपली मुद्राचित्रे ते गावकऱ्यांना देत आणि ती कशी वाटली, हे ऐकून घेत. युरोपीय पद्धतीने छायाप्रकाश दाखवलेल्या चेहऱ्यांवर गावकऱ्यांचा आक्षेप होता : माणसाचा अर्धा चेहरा काळा का?

त्यांच्या 'घटस्फोटाची नोंद' या चित्राच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्यास या आक्षेपाचा परिणाम स्पष्ट दिसतो. पहिल्या आवृत्तीत दाट काळोख आणि त्यातून उजळणारे आकार आहेत. कोलवित्झचा आणि युरोपचा वारसा उघड आहे. १९४३ च्या दुसऱ्या आवृत्तीत पार्श्वभूमी मोकळी झाली आहे, आकृती स्वच्छ बाह्यरेषांत आल्या आहेत आणि नववर्षाच्या लोकचित्रांशी नाते सांगणारी सुबोधता तिच्यात आली आहे. या दोहोंतील भेदाचे मूल्यमापन कसे करावे? मे १९४२ मधील येनान परिषदेनंतर कलेने कोणाची सेवा करावी हे पक्षाने ठरवून दिले होते. त्यामुळे ही दुसरी आवृत्ती म्हणजे आज्ञापालन, असे कोणी म्हणेल. परंतु गावकऱ्यांशी गू युआन यांचा संवाद त्याआधीच सुरू झाला होता. शिवाय दुसऱ्या आवृत्तीत काही गमावले गेले असले, तरी फिर्याद घेऊन आलेल्या स्त्रीची देहबोली तिच्यात अधिक ठळक झाली आहे. ऑक्टोबर १९४२ मध्ये चुंगचिंग येथे गू युआन यांची चित्रे पाहून श्यू बेइहुंग या ज्येष्ठ चित्रकारांनी त्यांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. ते स्वतः साम्यवादी गटातील नव्हते. येथे कोरणारा हात एकच आहे, पण रेषा ठरवणारे अनेक आहेत : अकादमी, पक्ष आणि न्येनच्वांगमधील शेतकरी. एदो काळातील चौघांच्या व्यवस्थेला हे एक अनपेक्षित उत्तर होय.

परतीचे प्रवाह

१९४५ नंतर प्रभावाची दिशा उलटली. कोबे येथे राहणाऱ्या ली फिंगफान या चिनी मुद्राचित्रकाराच्या व इतरांच्या प्रयत्नांनी जपानमध्ये चिनी काष्ठमुद्राचित्रे प्रदर्शित होऊ लागली. त्यांतून प्रेरणा घेऊन उएनो माकोतो यांच्यासारख्या जपानी कलावंतांनी श्रमिकांच्या जीवनावर आणि अणुबाँबच्या संहारावर ठसे कोरले. जपानी शिक्षकाने शांघायमध्ये दिलेले कौशल्य वेगळा अर्थ घेऊन जपानमध्ये परतले. ते आपल्याकडेही पोहोचले. १९४० च्या दशकात मुंबईत आलेले आणि आयुष्याचा मोठा भाग तेथे एकाकीपणे काढलेले चित्तप्रसाद (१९१५-१९७८) यांच्या मुद्राचित्रांवरील चिनी काष्ठमुद्राचित्रांचा संस्कार अभ्यासकांनी नोंदवलेला आहे.

चीनमध्ये मात्र चळवळीच्या विजयाने तिच्या कलावंतांना अभय मिळाले नाही. जियांग फंग १९४९ नंतर कलाशिक्षणाच्या क्षेत्रातील अधिकारी झाले आणि १९५७ मध्ये त्यांनाच 'उजवे' ठरवण्यात आले. येनान काळातील दुसरे श्रेष्ठ मुद्राचित्रकार येन हान यांच्याही वाट्याला तेच आले. सामूहिकतेसाठी सुरी उचललेल्यांना समूहाच्या नावानेच बाहेर काढण्यात आले. जियांग फंग यांची प्रतिष्ठा १९७९ मध्ये पुन्हा प्रस्थापित झाली. १९८२ मध्ये ते निवर्तले.

या साऱ्या इतिहासाची सावली शू बिंग (जन्म १९५५) यांच्या 'आकाशग्रंथा'वर पडलेली दिसते. १९८७ ते १९९१ या काळात त्यांनी सुमारे चार हजार चिन्हे लाकडात कोरली आणि त्यांतून जुन्या पद्धतीचे ग्रंथ व गुंडाळ्या छापल्या. त्यांतील एकही चिन्ह चिनी भाषेत नाही. ती वाचता येत नाहीत. पाहता मात्र येतात, आणि पाहताना दिसते ती केवळ कोरणाऱ्याची वर्षानुवर्षांची मेहनत. संदेश वगळल्यावर ठशात काय उरते, याचा हा प्रयोग आहे. घोषणांसाठी जुंपलेल्या सुरीला शू बिंग यांनी अर्थाच्या चाकरीतून मोकळे केले आणि त्यासाठी आधार घेतला तो अनाम ग्रंथमुद्रकांच्या कसबाचा.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मुद्राचित्रकाराचे चरित्र हे स्वभावतः संयुक्त चरित्र असते. प्रकाशक, कोरणारा, छापणारा आणि प्रेक्षक यांना वगळून लिहिलेले चरित्र कलाकृतीचे स्पष्टीकरण देण्यास अपुरे पडते.

२. 'स्वतः कोरणे' या कृतीला स्वयंभू अर्थ नाही. जपानमध्ये ती व्यक्तीच्या अभिव्यक्तीची आणि चीनमध्ये सामाजिक बांधिलकीची खूण ठरली. दोन्हीकडे तिने कलावंताला सत्तेपासून संरक्षण दिले नाही.

३. जपानी मुद्राचित्रे व्यक्तिवादी आणि चिनी मुद्राचित्रे प्रचारकी, ही पाठ्यपुस्तकी विभागणी यामामोतो, मुनाकाता, गू युआन यांच्या कार्यासमोर टिकत नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की श्रेय असे वाटत गेल्यास होकुसाईची प्रतिभा उरते कोठे? ती उरतेच, किंबहुना एगावाचा आग्रह धरणाऱ्या म्हाताऱ्या होकुसाईत ती अधिक माणसाळलेल्या रूपात दिसते. आपल्या नाकाडोळ्यांसाठी दुसऱ्याच्या हाताची विनवणी करणारा कलावंत दंतकथेतील एकाकी वेड्या चित्रकारापेक्षा मोठा वाटतो. वर्गात आपण जेव्हा एखादे मुद्राचित्र दाखवतो आणि त्याखाली एकच नाव सांगतो, तेव्हा झेंग झेनदुओ यांनी दुकानादुकानांतून केलेल्या विचारपुशीची आठवण ठेवणे उचित ठरेल. चित्र कोणाचे, या प्रश्नाबरोबर ते कोरले कोणी, हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारता आला, तरी कलेच्या इतिहासाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी पुष्कळच बदलेल.